बेतणे आणि शिवणे : घरगुती शिवणकलेचे शिक्षण

अनेक घरांतून आज शिवणयंत्र आले आहे. कोणाला ते लग्नात मिळाले, कोणी बचत गटाच्या कर्जातून घेतले, कोणाला ते शासकीय योजनेतून प्राप्त झाले. तथापि, यांतील बरीच यंत्रे फाटलेली शिवण दुरुस्त करणे, पडद्याला दुमड घालणे यापलीकडे फारशी वापरली जात नाहीत. अंगावरचा कपडा शिवावयाचा झाला, की कापड शिंप्याकडे जाते किंवा तयार कपडा विकत आणला जातो. याचे कारण शोधू गेल्यास ते यंत्रात सापडत नाही. यंत्र चालविणे आठ दिवसांत साधते. कापड बेतणे मात्र शिकावे लागते. माप कसे घ्यावे, कापडाचा धागा कसा ओळखावा, माया किती सोडावी आणि कात्री कोठे चालवावी, हे ज्ञान नसेल तर यंत्र निरुपयोगी ठरते. शिवणवर्ग चालविणाऱ्या संस्था, कार्यानुभव शिकविणारे शिक्षक आणि यंत्रवाटपाचे निर्णय घेणारे पंचायत सदस्य या सर्वांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे.

यंत्राचा इतिहास

हाताने शिवण्याची कला फार प्राचीन आहे. महाराष्ट्रात शिंपी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आणि संत नामदेवांचा जन्म याच समाजात झाला. शिवणयंत्र मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये यंत्राचे एकस्व मिळविले आणि सैनिकांचे गणवेश त्यावर शिवण्यास आरंभ केला. आपला धंदा बुडेल या भीतीने पुढील वर्षी पॅरिसमधील शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रांची मोडतोड केली. अमेरिकेत एलियस हाउ यांनी १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टिपेच्या यंत्राचे एकस्व घेतले, तर आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अधिक सोयीचे यंत्र पुढे आणले. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट वाचविणारे आणि त्याचे काम हिरावून न घेणारे साधन म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले.

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाच्या चळवळीने शिवणकामाला स्वावलंबनाचे साधन म्हणून स्थान दिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने निराधार व प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणात हस्तकौशल्यांचा समावेश केला. शिकलेली स्त्री दोन पैसे मिळवू शकते, हा विचार त्या काळी नवा होता. आज तयार कपडे स्वस्त झाले असले, तरी हा विचार कालबाह्य झालेला नाही.

घरी शिवण्याने काय साधते

तयार कपडा हा ठराविक मापांवर बेतलेला असतो. प्रत्यक्षात माणसे ठराविक मापांची नसतात. एकाचे खांदे रुंद असतात, दुसऱ्याचे हात लांब. वाढत्या वयाच्या मुलाला यंदा बसणारा सदरा पुढील वर्षी आखूड होतो. कारखान्यातील कपड्यात कापडाची बचत करण्यासाठी शिवणीच्या आत जेमतेम मार्जिन असते, त्यामुळे तो सैल करता येत नाही. घरी शिवलेल्या कपड्यात पुरेशी माया ठेवता येते. मुलीच्या झग्याला तळाशी ३ इंचांची दुमड घातली आणि कुशीच्या शिवणीत १ इंच माया ठेवली, तर तोच झगा उसवून वाढविता येतो. पूर्वी मुलींच्या परकराला खालच्या बाजूस मोठी आडवी टक घालीत आणि मुलगी उंच झाली की ती सोडीत. ही काटकसर विचारपूर्वक केलेली होती.

दुसरा लाभ दुरुस्तीचा आहे. शिवणारी व्यक्ती घरात असेल, तर गुडघ्यावर विरलेली विजार, निसटलेला खिसा किंवा उसवलेली बाही यांमुळे कपडा टाकून द्यावा लागत नाही. फाटक्या गणवेशाची लाज वाटून वर्गात मागे बसणारे मूल शिक्षकांना अपरिचित नाही. अशा मुलाच्या बाबतीत सुई-दोऱ्याचे ज्ञान थेट शिक्षणाशी जाऊन भिडते.

शिकण्याचा क्रम

नवशिक्या व्यक्तीची सर्वसाधारण चूक अशी, की ती पहिल्याच आठवड्यात ब्लाऊज शिवावयास घेते. ब्लाऊज हा दिसण्यास लहान, परंतु बेतण्यास कठीण कपडा आहे. त्यात मुंढ्याचा व गळ्याचा गोलावा, टक्स, बाही आणि हुकपट्टी या सर्व गोष्टी एकत्र येतात. पहिला ब्लाऊज बिघडला की कापड वाया जाते आणि शिकणारीचा धीर खचतो. यासाठी शिक्षणाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा.

प्रारंभ हातशिलाईने करावा. धावदोरा, कच्ची टीप, उलटी टीप, हेम, काजे आणि बटण एवढे टाके स्वच्छ येऊ लागले, की पुढील पुष्कळशी कामे सोपी होतात. त्यानंतर यंत्रावर दोरा न ओवता, रेघा आखलेल्या कागदावर टीप घालण्याचा सराव करावा. सरळ रेघ, कोपरा आणि वर्तुळ या तिन्हींवर सुई हुकली नाही, म्हणजे पाय व हात यांचा मेळ बसला असे समजावे. मग पिशवी व उशीचा अभ्रा, पुढे बाळाचे झबले, त्यानंतर परकर, मग मुलीचा झगा, कुडता व सलवार आणि सर्वांत शेवटी ब्लाऊज व सदरा असा क्रम ठेवल्यास प्रत्येक कपड्यात एखादीच नवी गोष्ट शिकावी लागते.

झबल्याचा पाठ विशेष उपयुक्त आहे. त्याला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे कापड चालते. कोवळ्या कातडीला टोचू नये म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूस ठेवण्याची पद्धत आहे. हुक किंवा बटणाऐवजी बंद लावले जातात. थोड्या कापडात गळा, मुंढा आणि उरेब पट्टी या तिन्हींचा अभ्यास होतो, आणि चूक झाली तरी नुकसान होत नाही.

माप आणि कापड

माप घेताना व्यक्तीने सरळ व सहज उभे राहावे. श्वास रोखू नये. अंगावर जाड कपडा नसावा. छातीचे माप काखेखालून, सर्वांत भरलेल्या भागावरून घ्यावे आणि टेप पाठीमागे खाली घसरणार नाही याची काळजी घ्यावी. कमरेचे माप नैसर्गिक कमरेवर व सीटचे माप सर्वांत रुंद भागावर घ्यावे. टेप फार आवळू नये, तसा तो लोंबूही देऊ नये. प्रत्येक माप घेताच वहीत नोंदवावे. आठवणीवर विसंबून कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही.

अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांतील फरक समजणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. अंगाच्या मापात हालचालीसाठी सैलपणा मिळवावा लागतो आणि त्यावर शिवणीसाठी माया सोडावी लागते. सैलपणा अंगावर राहतो, माया शिवणीच्या आत जाते. या दोहोंचा घोटाळा झाला, की कपडा घट्ट तरी होतो किंवा ढगळ तरी.

कापडाचा धागाही ओळखता आला पाहिजे. काठाला समांतर जाणारा ताणा हा उभा धागा होय. तो सहसा मजबूत असतो व कमी ताणतो. आडवा बाणा किंचित अधिक ताणतो. या दोहोंना तिरका जाणारा भाग म्हणजे उरेब. तो सर्वांत अधिक ताणतो. म्हणून सदऱ्याचा पुढचा-मागचा भाग उभ्या धाग्यावर बेततात आणि गळ्याच्या गोलाव्याला उरेब पट्टी लावतात. सरळ धाग्याची पट्टी गोलाव्यावर बसत नाही; तिला चुण्या पडतात. तसेच नवे सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून व इस्त्री करून घ्यावे. असे न केल्यास कपडा पहिल्याच धुण्यात आटतो आणि दोष शिवणारीच्या माथी येतो.

प्रात्यक्षिक : चौकळी परकर

बेतण्याचे तत्त्व कळावे यासाठी साडीखालील चार कळ्यांच्या परकराचे उदाहरण घेता येईल. परकराची तयार उंची ३८ इंच आणि सीटचे माप ३८ इंच आहे असे समजू. यासाठी ९० सेंटिमीटर पन्ह्याचे अडीच मीटर सुती कापड घ्यावे. भिजवून वाळविल्यानंतर त्याचा पन्हा ३५ इंच राहिला असे धरू.

तयार उंचीपैकी २ इंच नेफ्यात जातील. उरलेल्या ३६ इंचांत वरच्या शिवणीसाठी अर्धा इंच आणि खालच्या दुमडीसाठी दीड इंच मिळविले, की कळीची लांबी ३८ इंच होते. या लांबीचे दोन तुकडे कापावेत. उरलेले कापड नेफ्यासाठी बाजूला ठेवावे.

आता प्रत्येक तुकड्यातून दोन कळ्या निघतील. कळीच्या वरच्या रुंदीचा हिशेब असा : सीट ३८ इंच, त्यात सैलपणा ४ इंच, एकूण ४२ इंच. चार शिवणी असल्याने व प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जात असल्याने आणखी ४ इंच माया; म्हणजे ४६ इंच. याला चाराने भागले असता प्रत्येक कळीची वरची रुंदी साडेअकरा इंच येते. तुकडा पसरून वरच्या कडेवर डावीकडून साडेअकरा इंचांवर खूण करावी. खालच्या कडेवर उजवीकडून साडेअकरा इंचांवर दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा पट्टीने जोडून त्या रेघेवर कात्री चालवावी. दोन सारख्या कळ्या मिळतात. एक सरळ असते, दुसरी उलटी फिरवून घ्यावी लागते. प्रत्येक कळी वर साडेअकरा इंच व खाली साडेतेवीस इंच रुंद असते. कापड एकाच दिशेच्या नक्षीचे असल्यास फिरविलेल्या कळीवरील नक्षी उलटी दिसेल. म्हणून सुरुवातीस साधे, एकरंगी कापड घ्यावे.

कळ्या जोडताना एका कळीची तिरकी बाजू दुसऱ्या कळीच्या सरळ काठाच्या बाजूला जोडावी. तिरकी बाजू उरेब असल्याने ताणली जाते. तिला सरळ धाग्याचा आधार मिळाला, की शिवण लोंबत नाही. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्यास परकर त्या ठिकाणी खाली ओघळतो. तिरकी बाजू सरळ बाजूपेक्षा सुमारे २ इंच लांब भरते. म्हणून दोन्ही बाजू वरून जुळवून घ्याव्यात, कच्ची टीप घालावी आणि खाली उरलेली टोके शेवटी गोलाव्याने छाटून घेर सारखा करावा. एका शिवणीत वरून ७ इंच भाग मोकळा सोडून तेथे चीर ठेवावी व तिच्या कडा दुमडून शिवाव्यात. तयार घेर सुमारे ९० इंच होतो. चालताना पाय अडखळू नये इतका तो पुरेसा आहे.

नेफ्यासाठी ५ इंच रुंदीची पट्टी घ्यावी. कमरेकडील कडेची लांबी ४२ इंच आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी १ इंच, अशी तयार पट्टी ४३ इंच हवी. पन्हा ३५ इंच असल्याने पट्टीला जोड द्यावा लागेल. जोडाच्या शिवणीसाठी १ इंच अधिक धरून ९ इंचांचा तुकडा उरलेल्या कापडातून निघतो. पट्टी दुहेरी दुमडून, दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच आत घेऊन परकराच्या वरच्या कडेला बसवावी आणि दुहेरी टीप घालावी. नाडीचा ताण येथेच पडतो, म्हणून या टिपेत काटकसर करू नये.

या एका कपड्यात माप, सैलपणा, माया, उरेब, जोड आणि दुमड यांचा पाठ पूर्ण होतो. शिकविणाऱ्यांनी हा हिशेब प्रथम वर्तमानपत्राच्या रद्दीवर करून घ्यावा. प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतःच्या मापाने आकडे काढले पाहिजेत. दुसऱ्याचा कागदी नमुना ठेवून कापणारी शिकाऊ व्यक्ती त्या एकाच मापाचा कपडा शिवू शकते. हिशेब समजलेली व्यक्ती कोणत्याही मापाचा कपडा बेतू शकते. सातवी-आठवीच्या वर्गातील भागाकार आणि समलंब चौकोन येथे प्रत्यक्ष कापडावर उतरतात, ही बाब गणिताच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

यंत्राची निगा

यंत्र बंद पडण्याची कारणे पुष्कळदा किरकोळ असतात. दोरा वारंवार तुटत असेल तर सुई उलटी बसली आहे काय, दोरा योग्य क्रमाने ओवला आहे काय आणि वरचा ताण फार अधिक आहे काय, हे पाहावे. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याची वेटोळी पडत असतील तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी आहे असे समजावे. टाका मधूनच सुटत असेल तर सुई बोथट अथवा वाकडी झाली असावी. तलम कापडाला ११ क्रमांकाची, मध्यम सुती कापडाला १४ क्रमांकाची आणि जाड कापडाला १६ किंवा १८ क्रमांकाची सुई वापरावी. साध्या सुती कपड्यासाठी इंचाला १० ते १२ टाके योग्य होत.

दात्यांखाली साठलेला कापडाचा भुगा ब्रशने काढावा आणि यंत्राचेच पातळ तेल थेंब-थेंब घालावे. खोबरेल अथवा खाद्यतेल कधीही घालू नये; ते कालांतराने चिकट होऊन यंत्र जड चालते. तेल घातल्यावर रद्दी कापडावर थोडा वेळ टीप घालून मगच चांगले कापड घ्यावे. प्रत्येक शिवणवर्गात ही निगा हा स्वतंत्र पाठ असावा.

शिक्षणाच्या सोयी

शिवणकलेचे पद्धतशीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी अनेक मार्ग उपलब्ध आहेत. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवण तंत्रज्ञान व ड्रेस मेकिंग हे एक वर्षाचे अभ्यासक्रम चालविले जातात. ज्यांना अल्प मुदतीचे शिक्षण हवे, त्यांच्यासाठी बँकांच्या सहकार्याने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील निवासी वर्ग विनाशुल्क असतात. निरक्षर, नवसाक्षर व शाळा सोडलेल्या व्यक्तींना जनशिक्षण संस्थांचा उपयोग होतो. या संस्थांचे मूळ महाराष्ट्रात आहे. देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे स्थापन झाले, आणि त्याच योजनेला पुढे जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले.

आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, म्हणजे २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्या बचत गटांमार्फत शिवणकाम करणाऱ्या महिलांना एकत्र येता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत १ लाख व २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. अर्जाच्या पडताळणीचा पहिला टप्पा ग्रामपंचायतीकडे असल्याने, खरोखर हे काम करणारी व्यक्ती मागे राहणार नाही हे पाहण्याची जबाबदारी गावाचीच आहे.

घरगुती शिवणकाम व्यवसायात उतरविताना हिशेबाची शिस्त हवी. दोरा, अस्तर, हुक, सुया, वीज आणि यंत्राची झीज यांचा खर्च अनेक स्त्रिया धरीतच नाहीत. स्वतःच्या वेळेचे मोल तर त्याहून कमी धरतात. प्रत्येक कपड्याला किती वेळ लागला आणि साहित्य किती खर्ची पडले, याची वही महिनाभर ठेवली तरी शिलाईचा योग्य दर ठरविता येतो.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

महाराष्ट्रातील शाळांना कार्यानुभव हा विषय नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याचा आग्रह धरला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावीपासून व्यवसाय-परिचयावर भर देण्यात आला आहे. गावातील अनुभवी शिंपी किंवा शिवणकाम करणारी भगिनी यांना शाळेत बोलावून बटण लावणे, हेम घालणे, ठिगळ व रफू हे चार पाठ द्यावेत. हे पाठ मुलांना व मुलींना एकत्रच द्यावेत. शिंपीकाम हा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचाही व्यवसाय राहिला आहे, आणि स्वतःचे तुटलेले बटण लावता येणे हे मुलग्यासाठीही तितकेच आवश्यक आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे अपेक्षित असते. या रकमेतून यंत्रे घेण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे वारंवार येतो. अशा वेळी सदस्यांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्राबरोबर बेतण्याचे शिक्षण कोण देणार आहे? दुरुस्तीची सोय किती अंतरावर आहे? प्रत्येकीला एक यंत्र देण्याऐवजी समाजमंदिरात चार-पाच यंत्रांचे सामुदायिक शिवणकेंद्र काढले, तर अधिक महिलांना शिकता येईल काय? केंद्र काढल्यास त्याची वेळ शेतीच्या हंगामाला व स्त्रियांच्या घरकामाला जुळणारी ठेवावी आणि तेथे मापांची वही, कागदी नमुने व तेलाची बाटली यांची कायम व्यवस्था असावी.

समग्र शिक्षा योजनेत पात्र विद्यार्थ्यांना गणवेशाचे दोन संच देण्याची तरतूद आहे. शालेय गणवेशाच्या शिलाईचे काम जेथे स्थानिक गटांकडे सोपविले जाईल, तेथे प्रत्येक मुलाचे माप प्रत्यक्ष घेणे, माया सोडणे आणि शाळा उघडण्यापूर्वी काम पूर्ण करणे या तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. इयत्तेवरून अंदाजे कापलेला गणवेश एका मुलाला घट्ट व दुसऱ्याला ढगळ होतो, आणि त्यामुळे स्थानिक गटाच्या कामावरील विश्वास उडतो.

शिवणयंत्र देणे हे योजनेचे एक पाऊल आहे. ते ज्या घरी गेले, तेथील स्त्रीने स्वतः माप घेऊन, स्वतः हिशेब करून, स्वतः बेतलेला पहिला कपडा मुलाच्या अंगावर नीट बसला, म्हणजे ती योजना त्या घरापुरती पूर्ण झाली असे म्हणता येईल. शिवणवर्गाचा वार्षिक अहवाल लिहिताना वाटलेल्या यंत्रांच्या संख्येबरोबर अशा कपड्यांची नोंदही घेतली जावी.